नाखवा कोण?

"एकदा पान्यावर ने ना मला, बाय," बाबा म्हणाले.

मी बहारीनच्या माहूज भागातल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत धुणं वाळत घालत होते. हातातला ओला टॉवेल तसाच हातात राहिला. एवढ्या वर्षांत बाबांच्या तोंडून समुद्राचं नाव मी ऐकलं नव्हतं. मी घाईघाईने "हो, नेते की" म्हणून टाकलं आणि आत स्वयंपाकघरात जाऊन उगीचच नळ सोडून उभी राहिले, कारण मला रडू येत होतं आणि त्यांना ते कळायला नको होतं.

हे सगळं ऐंशी सालाच्या पुढेमागे घडलं. मी बहारीनमध्ये नर्स, नवरा एका कंपनीत अकाउंट्सला. माझे बाबा वसईच्या किनाऱ्यावरचे कोळी. स्वतःची बोट होती, म्हणून बंदरात त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे, नाखवा म्हणत. नाखवा म्हणजे बोटीचा मालक आणि पाण्यावर गेल्यावर सगळ्यांचा बाप. तो म्हणेल तिथे जाळं पडणार, तो म्हणेल तेव्हा बोट फिरणार. मोठमोठे बाप्ये, दंडावर बेडक्या असलेले, पण नाखव्याच्या शब्दापुढे चूं करत नसत.

मी इकडे आल्यावर काही वर्षांनी माझा धाकटा भाऊ त्याच बोटीवरून पाण्यात गेला आणि सापडला नाही. सुकाणूवर बाबा होते. मला तार मिळाली, रजा मिळायला वेळ लागला, मी पोचले तेव्हा चर्चमध्ये त्याच्या नावाची मिस्सा होऊन गेली होती. शवपेटी नाही, माती नाही, काही नाही. घरात नुसता त्याचा फोटो आणि फोटोपुढे मेणबत्ती. बंदरावर कुजबुज चालू होती की म्हाताऱ्याने बोट वळवायला उशीर केला, वेळेत वळवली असती तर पोरगा हाती लागला असता. बाबांनी त्यावर कुणाला काही उत्तर दिलं नाही. आईने त्यांना त्याबद्दल एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं, भांडली असती, ताट आपटलं असतं तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं. ती तशीच गप्प राहून गप्पच गेली. बाबांनी बोट विकली आणि पुन्हा पाण्यावर पाय ठेवला नाही. आई गेल्यावर मी त्यांना व्हिजिट व्हिसावर माझ्याकडे बोलावून घेतलं.

आले खरे, पण आमच्या घरात त्यांना करायला काय होतं? माझी शिफ्ट, नवऱ्याचं ऑफिस. मुलगी इंग्रजी शाळेत. आजोबा कोळी बोलीत काहीतरी विचारायचे, तिला ते कळायचं, पण उत्तर द्यायची ती इंग्रजीत, आणि मग दोघंही एकमेकांकडे बघून हसायची. मिस्सा शुक्रवारी असते हे ऐकून ते चाटच पडले होते. "देवाचा रविवार यांनी शुक्रवारी केला? नि देवाला चालते?" म्हणाले. देवाला सुट्टीच्या दिवशीच चालतं असं मी सांगितलं तर मला म्हणाले, "तुझी जीभ हाय तशीच हाय." सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन खुबूस, म्हणजे इथली रोटी, आणायचे. तिथे 'मफी' हा शब्द शिकले, म्हणजे 'नाही'. मग घरात साखर मफी, पेपर मफी, वारा मफी. मासळी बाजारात नेलं की मात्र माणूस सरळ उभा राहायचा. हमूर बघितला नि म्हणाले, "अगो, हा तर आपला गोब्रा!" माशाच्या कल्ल्यात बोट घालून बघायचे आणि विकणाऱ्याकडे अशा नजरेने बघायचे की तो बिचारा आपणहून दुसरा मासा काढायचा.

असा हा माणूस पाण्यावर जायचं म्हणत होता. मी त्याच संध्याकाळी नवऱ्याच्या मागे लागले. कुठूनही होडी पैदा कर, म्हटलं.

माझा नवरा वसईचाच, पण केळीच्या वाडीतला. त्याला पाणी माहीत ते पाटातलं. पोहता येत नाही, आणि बाथरूममध्ये बादली उपडी झाली तरी ओरडतो. आमचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या मावश्यांनी कपाळाला हात लावला होता, कोळ्याची पोर नि माळ्याला दिली म्हणून. पण माणूस सोन्यासारखा. त्याच्या ऑफिसात एक बहारीनी सहकारी होता, त्याची मोटरची छोटी होडी होती. त्याने ती एका शुक्रवारी द्यायचं कबूल केलं, आणि नवरा ही बातमी घेऊन घरी आला तेव्हा आम्ही जेवायला बसत होतो.

"होडी मिळाली," तो म्हणाला. "पण तो म्हणतो नोखदा पाहिजेच. त्याच्याशिवाय सोडणार नाही."

नोखदा म्हणजे इथला होडी चालवणारा, वाट माहीत असलेला माणूस. इथला समुद्र दिसायला शांत, पण मध्येच उथळ खडक लागतात, ओहोटी आली की होडी त्यावर बसते आणि मग बसा भरतीची वाट बघत. शिवाय हमूर कुठल्या खडकाखाली आहे ते परक्या माणसाला काय डोंबल कळणार? तेव्हा बोलणं काही चूक नव्हतं.

पण बाबांचा हात भातातच थांबला. "कोन पायजे?" त्यांनी विचारलं. बोटीच्या इंजिनाने त्यांचा एक कान गेलेला होता.

"नोखदा, बाबा. होडीवर नोखदा लागतोच."

बाबांनी मान हलवली. आणखी दोन घास खाल्ले न खाल्ले, हात धुतले आणि बाल्कनीत जाऊन बसले. माशाचं कालवण तसंच वाटीत.

मी नवऱ्यावर अशी कडाडले! "अरे, तुला काही कळतं का? ज्या माणसाने आयुष्यभर बोट चालवली, त्याच्यासमोर सांगतोस की तुमच्यावर दुसरा माणूस नेमायचाय?"

"मी नेमत नाही, होडीवाला म्हणतोय."

"तो परका आहे. तू जावई आहेस."

तो बिचारा समजावत राहिला. हा समुद्र वसईचा नाही, बाबांना इथली वाट माहीत नाही, वय झालंय, नजर अधू झालीय, आणि मला पोहता येत नाही हे तुला माहीत आहे. सगळं खरं. खोटं काय होतं त्यात? पण मला खुपत होतं ते वेगळंच, आणि ते मी त्याला त्या संध्याकाळी सांगितलं. बाबांच्या होडीवर भाड्याचा माणूस बसवला, की त्याचा अर्थ त्यांच्या लेखी एकच. ते मनात म्हणणार, बंदरातल्या बायका बोलत होत्या तेच माझी पोरगीही मानते. तिचा माझ्या हातावर भरवसा नाही. आईने न बोलता जे सांगितलं ते मी भाडं देऊन सांगायचं? ते मला जमणार नव्हतं.

नवऱ्याने बाबांची वाटी उचलून आत ठेवली. मग त्याने विचारलं, "आणि तुझा आहे भरवसा?"

मला रागच आला त्याचा. कारण मला माहीत नव्हतं. रोज वॉर्डात मी पेशंटच्या नातेवाइकांना सांगायचे, कोणाची चूक नसते, असं होतं. स्वतःच्या बापाबद्दल मात्र मला ते मनापासून म्हणता येत नव्हतं. वाटायचं, खरंच उशीर झाला असेल का? नुसता एक क्षण? आणि असं वाटलं की माझीच मला लाज वाटायची. म्हणूनच मी हट्टाला पेटले. भरवसा नसला तरी तो आहे असं मी त्यांना दाखवणार होते. "नोखदा नको," म्हटलं. "होडी बाबा चालवतील. तुला भीती वाटत असेल तर लाइफ जॅकेट घाल, दोन घाल."

नवऱ्याने दुसऱ्या दिवशी ऑफिसात तसं सांगितलं. तो बहारीनी गृहस्थ ऐकून हसला आणि म्हणाला, "इंशाल्ला." आम्ही समजलो, झालं काम. इतकी वर्षं या देशात काढून आम्हाला एवढं कळू नये! समोरच्याला तोंडावर नाही म्हणायचं नसतं, तेव्हाही इथे इंशाल्लाच म्हणतात.

तो आठवडा वाईट गेला. बाबा जेवेनात. बोलणं कमी होतंच, ते आणखी कमी झालं. मुलीने विचारलं, "इज ग्रँडपा अँग्री?" तर मी तिला म्हटलं, तू अभ्यास कर. मी ड्यूटीवरून आले की ते बाल्कनीत बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि उजव्या हाताची मूठ वळलेली, उघडलेली, पुन्हा वळलेली. मला वाटलं, अजून मनातून तो शब्द जात नाही. म्हणून मी त्यांना मुद्दाम जवळ बसून सांगितलं, "बाबा, काळजी करू नका. दुसरं कोणी येणार नाही. तुम्हीच."

"मीच?"

"तुम्हीच. आम्हाला तुमच्यावर भरवसा आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. केवढा वेळ बघितलं! मग म्हणाले, "बरा." आणि मला वाटलं, चला, जीव भांड्यात पडला त्यांचा.

शुक्रवारी पहाटेच्या मिस्सेनंतर आम्ही धक्क्यावर गेलो. मुलीला उम्म अल हस्समच्या मैत्रिणीकडे ठेवलं होतं. मी डबा देऊन तिथेच थांबणार होते, कारण आमच्यात बाया मासे विकतात, पागायला जात नाहीत. कोळ्याची लेक असून मी होडीतून कधी समुद्रावर गेले नव्हते. होडीवाला सहकारी पांढऱ्या झग्यात हसत उभा होता, आणि त्याच्या मागे धक्क्याच्या कडेवर एक मध्यम वयाचा माणूस सिगरेट ओढत बसला होता, डोक्याला फडकं गुंडाळलेलं, शेजारी छोटा रेडिओ. मला बघताक्षणी कळलं हा कोण ते. हेच ते इंशाल्ला! माझ्या अंगाची लाही झाली. बाबांच्या कानावर काही पडायच्या आत याला इथून कसा घालवू असं मला झालं.

तेवढ्यात त्या गृहस्थाने बाबांना स्वतःच्या छातीवर हात ठेवून सलाम केला आणि नवऱ्याला हिंदीत विचारलं, "तो नोखदा कौन?"

बाबांनी तो शब्द ऐकला. कान नीट नसला तरी तो शब्द ते लांबूनही ऐकतील. त्यांनी हळूच हात वर केला, शाळेतल्या मुलाने करावा तसा. "मी," म्हणाले. "नाखवा मी."

वर केलेला हात खाली घ्यायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही.

होडीवाला गोंधळला. त्याने सिगरेटवाल्याकडे बोट केलं. "नोखदा तो ये है."

"नाखवा हा?" बाबा त्या माणसाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले. "हा नाखवा? मग मी कोन?"

आता माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यांचा नाखवा आणि यांचा नोखदा. कधी काळी आपल्याकडची गलबतं इकडे येत होती, इकडची तिकडे, आणि एकाच शब्दाची दोन पोरं दोन किनाऱ्यांवर वाढली. आमच्या जेवणाच्या टेबलावर नवऱ्याने सांगितलं होतं, होडीवर नोखदा लागतोच. आणि एका कानाच्या माझ्या बापाने ऐकलं होतं, होडीवर नाखवा लागतोच, तेव्हा तुम्हीच व्हा.

नवरा अजीजीने म्हणाला, "बाबा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. याला आम्ही बोलावलंच नव्हतं. आत्ता परत पाठवतो."

"परत कशाला पाठवता, जावय?" बाबांचा आवाज एकदम चढला. "बशीव त्याला! बशीव आधी!" आणि ते धक्क्याच्या दगडावर मटकन खाली बसले. मी धावले, नाडी बघितली, सवयच ती. नाडी पळत होती.

"मला वाटला, तुम्ही मलाच नाखवा केलाय," ते म्हणाले. "आठ दिवस डोल्याला डोला नाय."

"मग नाही म्हणायचं ना बाबा! मी परकी आहे का?"

"कसा म्हनू? तू बोललीस भरवसा हाय. पोर भरवसा टाकते नि बाप नाय बोलेल?" त्यांनी माझा हात घट्ट धरला. "मला नुसता बसायचा होता गो. पान्यावर नुसता बसायचा होता. सुकानू नको मला. कोनाचा जीव नको माझ्या हातात."

मी त्यांचा मान राखते आहे असं मला वाटत होतं, आणि तो आठवडाभर मी त्यांच्या मानेवर धोंडा ठेवून बसले होते. नवरा बाजूला तोंड करून उभा होता. होडीवाला काही न समजून आम्हा सगळ्यांकडे बघत होता. शेवटी नोखदाच उठला, सिगरेट पाण्यात टाकली आणि म्हणाला, "यल्ला?"

"चल," बाबा मला म्हणाले. "तू पन चल."

"मी? बाया जातात का होडीत?"

"माझी होडी हाय का ही?" ते म्हणाले. तेव्हा मीही गेले.

आमचा नोखदा काही फार मोठा जाणकार निघाला नाही हे सांगायला हवं. पहिल्या जागी त्याने आम्हाला बराच वेळ बसवलं, मासा मफी. दुसऱ्या जागी नांगर अडकला, तो सोडवताना त्याने स्वतःच्या सगळ्या नातेवाइकांचा उद्धार केला असावा असं आवाजावरून वाटलं. रेडिओ मध्येच गायचा, मध्येच खरखरायचा. नवरा जाकीट घालून होडीच्या कडेला डोकं टेकून पडला होता, तोंड हिरवं पडलेलं, आणि मधूनमधून "मेलो, मेलो" म्हणत होता. तिसऱ्या जागी मात्र दोन चांगले हमूर लागले. बाबांनी गळाची दोरी बोटाला गुंडाळली होती, पण मासा ओढायला त्यांनी ती नोखदाच्या हातात दिली. ते होडीच्या पुढच्या टोकाला बसले होते, पाठ आमच्याकडे. सुकाणूवर बसणाऱ्याला होडीचं हे टोक कधी लाभत नाही. मी त्यांच्या पायाशी बसले होते.

त्यांनी माझ्या भावाला हाक मारावी तसं त्याचं घरातलं नाव घेतलं. मग मागे न बघताच बोलायला लागले.

"रशी पायात अडकली नि गेला. मी लगेच वलवली बाय. उशीर नाय केला. लगेच वलवली. नि मग गोल, गोल, गोल. हाका मारून घसे बसले सगल्यांचे. वारा वाढला. पानी आत यायला लागला. बाकीची मानसा काय बोलत नव्हती, नुसती माझ्या तोंडाकडे बघत होती. त्यांची पोरा घरी होती ना. बोलायचा मीच. दुसरा कोन बोलनार?"

मी त्यांच्या पायावर हात ठेवला.

"मीच बोललो, चला घरी." त्यांचा खांदा हलायला लागला. "तो पान्यात होता. नि मी बोललो, चला घरी. लोक म्हनले वलवायला उशीर केला. मी म्हनू दिला. काय सांगू त्यांना? तुझ्या आईला काय सांगू?"

आणि मग माझे बाबा रडले. भाऊ गेला तेव्हा रडले नव्हते, आई गेली तेव्हा रडले नव्हते. त्या दिवशी बोट घरी आणेपर्यंत सुकाणू धरलेलं, आणि मग बहुधा कधी सुटलंच नाही ते. पाण्यात आसवं पडत होती नि ते पुसतही नव्हते. मी त्यांच्या गुडघ्याला डोकं लावून बसले आणि मीही रडले, माझ्या भावासाठी आणि माझ्या आईसाठी आणि मला इतकी वर्षं जी शंका होती तिच्यासाठी. नवऱ्याने डोकं उचललं, बघितलं, आणि हात लांब करून माझ्या पाठीवर ठेवला. नोखदाने रेडिओ बंद केला. त्याने काय विचार केला असेल कोण जाणे.

ऊन चढलं. पाण्याचा रंग बदलला आणि खालचा खडक जवळ दिसायला लागला. ओहोटी लागली होती. नोखदाने नांगर ओढून घेतला, मोटरवर हात ठेवला आणि थांबला. होडीत वडील माणूस असला की त्याला विचारल्याशिवाय परत फिरायचं नाही, हा त्याच्याकडचा रिवाज असावा. त्याने मोठ्या अदबीने बाबांना विचारलं, "हज्जी, खलास? बेत?"

बेत म्हणजे घर. एवढं अरबी बाबांनाही कळत होतं.

त्यांचे ओठ हलले. मी खालून त्यांच्या तोंडाकडे बघत होते. शब्द ओठांपर्यंत येत होता आणि फुटत नव्हता. नोखदा मान तुकवून वाट बघत होता.

"चला घरी," मी म्हणाले.

नोखदाला मराठीचं अक्षर येत नव्हतं. त्याने बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी पुन्हा मोठ्याने म्हणाले, "मी सांगते आहे. चला घरी."

त्याने मोटर सुरू केली.